तीन वेळा बदललेलं पाणी

जहाजावर मी फिटर होतो. आमच्या गावात हे सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारायचे, "समुद्राचं पाणी खरंच खारट राह्यते का गा?" दुसरा प्रश्न पगाराचा असायचा. तिसरा कुणी विचारत नसे. त्यामुळे मी तिथे नेमकं काय करत होतो, ते सांगायची वेळ कधी आली नाही. एकदा आली, ती नको त्या प्रसंगी.

आयटीआय झाल्यावर राजुऱ्याकडे कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागलो होतो. तिथून एका ओळखीने जहाजावर गेलो. माझं बरंचसं काम पाण्याच्या टाक्यांशी होतं. माल उतरवला की जहाज हलकं होतं, लाटांवर डुलायला लागतं. म्हणून त्याच बंदरातलं समुद्राचं पाणी जहाजाच्या पोटातल्या टाक्यांमध्ये भरून घेतात. त्या वजनावर जहाज स्थिर चालतं. पुढे दुसऱ्या देशात माल भरायला लागला की ते पाणी तिथल्या समुद्रात सोडून देतात. एका बंदराचं पाणी दुसऱ्या बंदरात. पाण्यासोबत त्यात राहणारं सगळं जातं. शेवाळाचे डोळ्यांना न दिसणारे कण, पटकीचे जंतू, शिंपल्यांची पिल्लं. नव्या ठिकाणी त्यांना खाणारं कुणी नसलं तर ती वाटेल तशी वाढतात.

एकदा टाकीच्या तळाचा गाळ काढायला आत उतरलो होतो. टॉर्चच्या उजेडात माझ्या हातमोज्यावर एक खेकडा चढला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. हा कुठल्या देशात चढला असेल आणि कुठे उतरणार असेल, याचा विचार करत मी तिथेच चिखलात बसून राहिलो होतो.

पुढे एका खाडीत आमचं जहाज थांबलं होतं. पाणी गंजाच्या रंगाचं झालं होतं. धक्क्यावर काही बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. शिंपले गोळा करून विकणाऱ्या त्या बायका. बंदरावरच्या माणसाने सांगितलं, की कुठलं तरी नवं शेवाळ आलंय, शिंपल्यांत विष उतरलंय, खायला आणि विकायला बंदी आहे. ते शेवाळ आमच्या पाण्यातून गेलं असं म्हणता येत नाही. गेलं नाही असंही म्हणता येत नाही. त्या खाडीत आमच्या जहाजाने याआधीही पाणी सोडलं होतं आणि ते पंप मीच दुरुस्त केले होते. त्या बायकांपैकी एकीने माझ्याकडे पाहून हात हलवला. बहुतेक सहजच. मी मान खाली घातली.

गुडघ्यांनी दगा दिला आणि मी कायमचा गावी आलो.

माझी धाकटी बहीण गावातच दिलेली आहे. मी आलो त्या वर्षी तिच्या बचत गटाने गावचा तलाव मासेमारीसाठी घेतला. मालगुजारीच्या काळातला जुना तलाव, एका अंगाला पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, दुसऱ्या अंगाला थेट जंगल. आधी तो गावातल्या पुरुषांकडे होता आणि त्यांनी तो बेशरमाच्या झुडपांना सोडून दिला होता. बायकांनी उन्हाळाभर ती झुडपं मुळासकट उपटली. तरी पानठेल्यावर बोललं जायचंच. "बाया मासोळ्या पोसतीन, मंग आपण भाकरी थापू." बहीण तिथून जाताना थांबून म्हणायची, "थापायले शिकून घे भाऊ. कामी येईन." पण मला घरी एकटा गाठून ती एकदा म्हणाली, "दादा, ह्या एका साली तलाव रिकामा राह्यला न, त पुढच्या साली कोणी आमाले उभं करणार नाई."

तलावात सोडायचं बीज, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आम्ही बोटुकली म्हणतो, ती तेलंगणाकडून येणार होती. मला त्याची आधीपासून धास्ती होती. शेजारच्या गावच्या तलावात बाहेरचं बीज सोडल्यानंतर पाण्यावर जलपर्णी पसरली होती आणि माशांच्या अंगावर फोड आले होते. बीज सोडलं म्हणूनच ते झालं, हे कुणी तपासलं नव्हतं. मला तपासायची गरज वाटली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती गंजलेल्या रंगाची खाडी होती.

श्रावणात गाडी आली. छोटा मालवाहू टेम्पो, त्यावर दोन मोठ्या काळ्या टाक्या, मध्ये ऑक्सिजनचं नळकांडं, त्यातून दोन्ही टाक्यांत गेलेल्या नळ्या. मी झाकण उघडून पाहिलं. गढूळ, शेवाळी पाणी आणि त्यात वळवळणारी कटला-रोहूची बोटुकली. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी तळ्याचं पाणी आमच्या तलावात रिकामं व्हायला पाळीवर येऊन उभं होतं. जहाजच ते. चाकांवरचं.

गटाच्या बायांचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, शेवटच्या बांधीत आला होता. गाडीवाला रात्रभराचा उपाशी, तो बहिणीच्या घरी जेवायला गेला. बहीण बांधीतूनच ओरडली, "दादा, तू गाडीपाशी राह्य. एवढा धान रोवून आम्ही येतच हावो."

पाळीखाली एक बोअर आहे. त्याचं पाणी काचेसारखं, त्यात शेवाळ नाही, किडा नाही. मी मोटर सुरू केली आणि पाइप पहिल्या टाकीत सोडला. मध्ये येते म्हणून ऑक्सिजनची नळी बाजूला काढून ठेवली. खालच्या तोटीला जाळीचा तुकडा बांधून ती उघडली. आमच्याकडे जहाजावर एक नियम होता. पाणी गाळायची यंत्रं यायच्या आधी आम्ही तो पाळायचो. भर समुद्रात टाकीच्या तिप्पट पाणी टाकीतून ढकलायचं, म्हणजे बंदराचं पाणी धुऊन निघतं. मी तसंच केलं. वरून बोअरचं पाणी आत, खालून गढूळ पाणी पाळीच्या मागच्या कोरड्या खड्ड्यात. टाकी तीन वेळा भरेल एवढं पाणी जाऊ दिलं. हळूहळू टाकीचा तळ दिसायला लागला. खरं सांगतो, गावी आल्यापासून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. त्या खाडीतल्या बायकांना कुठून तरी हे दिसावं असंसुद्धा वाटून गेलं.

मग एकेक बोटुकली वर आली. तोंड उघडून पाण्याच्या वरची हवा ओढू लागली. आधी मला वाटलं खेळतायत. मग एक पोट वर करून तरंगली. मग तिच्या बाजूच्या. मी ऑक्सिजनची नळी परत आत घातली, हाताने पाणी ढवळलं, तेव्हा पाणी किती गार आहे ते बोटांना कळलं. खोल जमिनीतलं पाणी. त्यात घाण नव्हती तशी हवाही नव्हती. जहाजाच्या टाकीत जिवंत ठेवायचं काही नसतं, जेवढं मरेल तेवढं चांगलं. इथे जिवंत ठेवण्यासाठीच तर टाकी आणली होती. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझं सगळं लक्ष पाण्यावर होतं.

बाया पाळीवर चढल्या तेव्हा टाकीचा वरचा थर पांढरा झाला होता. गाडीवाला त्यांच्या मागोमाग सुपारी चघळत आला.

बहिणीने आत डोकावलं आणि कमरेचा पदर सोडला, परत खोचला. "हे काय आणलं बे तू?"

गाडीवाल्याची सुपारी तोंडातच राहिली. "जिंदा लाया था बाई. रास्ते में चार बार देखा मैंने."

"झोपेत पायलं असशीन," गटातली सगळ्यात म्हातारी काकी म्हणाली. तिला सगळे काकीच म्हणतात. "मेलेल्या मासोळ्या द्यायले आमीच भेटलो का तुले?"

"देवाशप्पथ काकी."

"देव मधात नको आणू. तो का टाकीत बसला होता?"

बहीण दुसऱ्या टाकीकडे गेलीच नाही. "परत घेऊन जाय. दोन्ही टाक्या. असलं बीज आमच्या तलावात नको."

"दूसरा तो देखो!"

"एका गाडीतलंच हाये न? जाय."

गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. टाकीतलं पाणी एवढं नितळ कसं, हे त्याला दिसलं असणार. पण गावातल्या बाईचा भाऊ, त्याच्याविरुद्ध परगावच्या ड्रायव्हरने काय बोलायचं? त्याने झाकण लावलं, दोरी आवळायला घेतली.

आणि मी गप्प उभा होतो. हे लिहायला जड जातं, पण तेवढा वेळ मी गप्प होतो. दोरीची एक गाठ बसली. मला दिसत होतं, की ही गाडी गेली तर दुसरी येणार नाही, हंगाम सरत आला होता. तलाव रिकामा राहील, पानठेल्यावर हसू होईल आणि बायकांना वाटत राहील की बीजच खराब होतं. माझं नाव कुठेच येणार नाही. जहाजावर असंच असायचं. पाणी कुणी सोडलं हे पाण्याला विचारता येत नाही. दुसऱ्या गाठीसाठी गाडीवाल्याने दोरी ओढली तेव्हा मला पालथ्या टोपलीवर बसलेली ती बाई दिसली आणि मी बोललो.

"त्याची काही चूक नाही. पाणी मी बदललं. बोअरचं घातलं."

कुणाला कळेचना. मग बहिणीने पाइपाकडे पाहिलं, ओल्या खड्ड्याकडे पाहिलं.

"काऊन?" ती म्हणाली. एवढंच.

मी सांगायला लागलो. जहाज, टाक्या, एका समुद्राचं पाणी दुसऱ्या समुद्रात, तिप्पट पाण्याचा नियम. काकीने पाळीवरून चहूबाजूला मान फिरवली. "जहाज कुठी हाये इथी?"

बाया हसल्या नाहीत. त्याने मला जास्त लागलं.

"दादा, भाषण मंग दे," बहीण म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "ही दुसरी टाकी जित्ती हाये का थे पाय आधी."

दुसरी टाकी जिवंत होती. गाडीवाल्याने हुश्श केलं आणि लगेच घाई केली. "पाइप लगाता हूँ. अभी खाली हो जाएगा. मेरे को निकलना है." घाई आम्हालाही होती. त्या आठवड्यात वाघ तलावाच्या पलीकडच्या काठाला दोनदा दिसला होता. ऊन कलायच्या आत पाळ सोडायची, असं ठरलेलं होतं.

मी परत तोंड उघडलं. उघडायला नको होतं, पण उघडलं. "मासे सोडा. ते पाणी तेवढं तलावात जाऊ देऊ नका."

"अजून तुह्यं पाणीच चालू हाये का!" बहीण एवढ्या जोरात ओरडली की काठावरचे बगळे उडाले. 

आश्चर्य म्हणजे काकी माझ्या बाजूने बोलली. शेजारच्या गावचा तो तलाव तिच्या लेकीच्या गावचा. "तो म्हणून राह्यला त्यात काही तरी हाये वो. माह्या लेकीच्या गावी असीच टाकी वतली होती. आता पाय, पाणी दिसत नाई, हिरवं वावर दिसते."

बहीण चिखलाच्या हातांनी कपाळ धरून टाकीपाशी बसली. हातांवर अजून पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, माती होती. जरा वेळाने ती त्या हातांकडेच पाहत म्हणाली, "पऱ्हे उपटलं का मुळाची माती आपण धुतोच न वो? पण धुतो त बांधीतल्याच पाण्यात. जिथी राह्यचं हाये तिथल्या पाण्यात. अन् हळूच." मग माझ्याकडे वळली. "बोअरचं नाई, तलावाचं वतू. थोडं काढू, थोडं वतू. काढलेलं तुह्या खड्ड्यात. चालते?"

"हाँ, ऐसा हो सकता है," गाडीवाला म्हणाला. "धीरे धीरे किया तो मच्छी को झटका नहीं लगता. लेकिन टाइम लगेगा."

"तुले घाई असन त पायी जाय," काकी म्हणाली. "गाडी राहू दे."

आता मात्र बाया हसल्या.

तलावापासून गाडीपर्यंत बायांची रांग लागली. पाण्याचे गुंड, बादल्या, डबे हातोहात वर येऊ लागले. खालच्या तोटीतून टाकीचं पाणी थोडं खड्ड्यात, वरून तलावाचं पाणी थोडं आत. ऑक्सिजनची नळी गाडीवाल्याने स्वतः धरली, मला हात लावू दिला नाही. तलावाच्या कडेला बोटुकली रात्रभर वेगळी ठेवून पाहायला एक बंदिस्त जागा हवी होती. मी म्हणालो, मच्छरदाणी आणतो. लंगडत घरी गेलो आणि फडताळातून आरोग्य खात्याने घरोघर वाटलेली नवी मच्छरदाणी काढली. उंबऱ्यावर पोहोचलो आणि थांबलो. या मच्छरदाण्यांना औषध लावलेलं असतं. डास त्यावर बसला की मरतो. मग बोटुकली? मी ती तिथेच टाकली. दिवसातली दुसरी चूक होता होता राहिली. त्याचं श्रेय घ्यावंसं वाटत नाही, पण त्या दिवशी माझ्या हातून एवढी एक गोष्ट बरी झाली.

रिकाम्या हातांनी परत आलो आणि का ते सांगितलं. काकी म्हणाली, "आता थोडी अक्कल आली." तिने कुणाला तरी घरी पिटाळून आपलं जुनं सुती लुगडं मागवलं. इतकं धुतलेलं की आरपार दिसावं. चार बांबू रोवून लुगड्याची झोळी पाण्यात बांधली. टाकीतून जाळीने बोटुकली उचलायची, दुसऱ्या एका लुगड्याच्या तुकड्यावर निथळायची, आणि लगेच झोळीत. उरलेलं सगळं पाणी त्याच तुकड्यातून गाळून खड्ड्यात.

शेवटची बादली गाळून झाल्यावर काकीने तो तुकडा पाळीवर पसरला. त्यावर शेवाळाचा लगदा होता, दोन-तीन जातींच्या बारीक गोगलगायी, लाल धाग्यासारखे किडे, आणि नखाएवढा एक हिरवा कोंभ, मुळांसकट. काकीने तो चिमटीत धरून उन्हात केला.

"हेच थे," ती म्हणाली. "लेकीच्या गावचं."

जलपर्णी. तो कोंभ बायांच्या हातून हातात फिरला. बहिणीने तो घेतला, माझ्यापुढे धरला. मला वाटलं काही तरी चांगलं बोलेल.

"म्हणून माह्या अर्ध्या मासोळ्या माराव्या लागते का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग झालं." तिने कोंभ दगडावर ठेवून टाचेने चिरडला.

डोळ्यांना न दिसणारं काय काय माशांच्या अंगाखवल्यांतून तरीही तलावात गेलं असेल, हे मला माहीत आहे. लुगड्याने सगळं अडत नाही. जहाजावरच्या महागड्या यंत्रांनीही अडायचं नाही. पण बरंच अडतं. त्या दिवशी मी हे कुणाला सांगितलं नाही, पुष्कळ बोलून झालं होतं.

मेलेली बोटुकली मी एकट्याने टोपल्यांनी नेऊन बहिणीच्या वावरात पुरली. गाडीवाला निघताना माझ्यापाशी थांबला. "मेरे को लगा आप बोलोगे नहीं," तो म्हणाला. मी म्हणालो, मलाही तसंच वाटलं होतं. त्याने खिशातली सुपारी माझ्या हातावर ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही सगळे पाळीवर होतो. झोळीत थोडी मेली होती. बाकीची काठाकाठाने भराभर फिरत होती. बहिणीने लुगड्याची एक बाजू खाली दाबली आणि बोटुकली अंधाऱ्या पाण्यात शिरली.

त्यानंतरचे महिने मी रोज तलावावर जायचो. बायांनी मला नाव पाडलं होतं, तीनपाणी भाऊ. रस्त्यात कुणी भेटली की विचारायची, "भाऊ, माह्या नातवाले एका पाण्यात आंघोळ घालू का तिनात?" मी हसायचो.   पाण्यावर थर आला नाही. होळीच्या आधी पाणी उतरलं आणि जाळं ओढायचा दिवस ठरला. 

जाळं काठाला येताना बहिणीचा चेहरा पाहत होतो, पाण्याकडे पाहायचं धाडस नव्हतं. आधी तिची भुवई वर गेली. मग तिने पदर तोंडावर घेतला. जाळ्यात मासे कमी होते, पण एकेक असा की काकीला दोन्ही हातांनी उचलावा लागला. तलावभर खायला आणि खाणारे निम्मे. अंगावर एक फोड नाही.

"अर्धे मेले म्हणून बाकीच्याइले पोटभर भेटलं," बहीण म्हणाली. "पण पुढच्या साली असं नको करजो."

दुपारपर्यंत पानठेल्यावरचे तेच लोक पिशव्या घेऊन पाळीवर उभे होते. बहिणीने एकाला विचारलं, "भाकरी जमते का भाऊ आता?" तो म्हणाला, "पयले मासोळी त दे बाई." तलाव पुढच्या वर्षी कुणाकडे, हा विषय त्या उन्हाळ्यात गावात निघालाच नाही.

या श्रावणात परत गाडी आली. तोच ड्रायव्हर. या वेळी बायांची रांग आधीच लागलेली होती. काकीच्या लेकीच्या गावच्या काही बाया आपापली जुनी लुगडी काखेत मारून पाहायला आल्या होत्या. त्यांच्या तलावातली जलपर्णी त्या काढतायत. अर्धी निघालीय म्हणे. 

मी जरा लांब उभा होतो. बहिणीने मला हाक मारली, लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं तिने धरलं. पाणी ओतायला सुरुवात होणार, एवढ्यात तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"दादा, बोअरची मोटर बंद हाये न?"

"बंद आहे."

"पाहून ये."

मी लुगडं काकीच्या हातात देऊन पाळीखाली गेलो, मोटर पाहिली, बंद होती. वर आलो आणि आपलं टोक परत धरलं.